कृषि अभियांत्रिकी आणि शेताचा उतार

कृषि अभियांत्रिकी म्हटले की सामान्यतः ट्रॅक्टर डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु जमीन, पाणी, अवजारे व धान्य यांचा मोजमापाने विचार करून शेतीची कामे सुकर करणे, हे या शास्त्राचे खरे क्षेत्र होय. मळणी, साठवण, ठिबक सिंचन ही सर्व त्यातच मोडतात. आपल्या देशात या विषयाचे पदवी शिक्षण १९४२ साली अलाहाबाद येथे सुरू झाले. कोरडवाहू शेतकऱ्याने मात्र या शास्त्राची ओळख आपल्या शेताच्या उतारापासून करून घ्यावी.

एक हेक्टर शेतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ५ लाख लिटर पाणी पडले. त्यातील न मुरलेले पाणी माती घेऊन धावते. केवळ १ मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला तरी हेक्टरी १० घनमीटर माती, म्हणजे कित्येक गाड्या, नाहीशी होते. हा थर गेल्याचे डोळ्यांना कळतही नाही, आणि सर्वांत सकस तोच असतो.

उतारास आडवी पेरणी केली असता प्रत्येक तास पाण्यास अडवितो. पाभर तीच, बैल तेच; केवळ दिशा बदलावयाची. ही दिशा नजरेने ठरवू नये, नजर फसते. दोन सारख्या काठ्यांची टोके बांधून मध्ये आडवी पट्टी ठोकावी व शेंड्यापासून ओळंबा सोडावा. दोरी पट्टीवर येईल तेथे खूण करावी. त्याच दोन जागी पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. दोरी दोन्ही खुणांच्या मधोमध आली म्हणजे पाय एका पातळीत आले. याप्रमाणे खुंट्या ठोकीत गेल्यास समपातळी रेषा मिळते.

बांध घालताना सांडवा विसरू नये. सांडव्यावाचून तुंबलेले पाणी बांध फोडते व घळ पाडते. ती बहुधा शेजाऱ्याच्या शेतात पडते आणि तंट्यास कारण होते. यास्तव सांडव्याची जागा खालच्या शेतकऱ्यास बरोबर घेऊनच ठरवावी. भारी काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते. तेथे समपातळी बांधाआड पाणी साचून पीक पिवळे पडते. अशा जमिनीत ढाळीचे बांध घालून जादा पाणी गवत वाढविलेल्या चरातून बाहेर काढावे.

आखणी उन्हाळ्यातच उरकावी. पेरणीच्या घाईत खुंट्या ठोकीत बसण्यास कोणासही सवड नसते.