पोलंडमार्गे इस्रायल

ऑशविट्झच्या मुख्य छावणीच्या फाटकापासून बिर्केनाउच्या छावणीपर्यंतचं अंतर जेमतेम तीन किलोमीटर. दर वर्षी वसंत ऋतूत, ज्यू पंचांगातल्या निसान महिन्यात पाळल्या जाणाऱ्या नरसंहार स्मृतिदिनी, देशोदेशींची हजारो ज्यू मुलं निळी जाकिटं घालून ते पायी कापतात. निघताना शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकलं जातं. बिर्केनाउला पोचल्यावर रेल्वेरुळांवर छोट्या लाकडी पाट्या ठेवल्या जातात. कुणाच्या पाटीवर पणजीचं नाव, कुणाच्या नुसतंच गावाचं. ‘मार्च ऑफ द लिव्हिंग’ हा उपक्रम १९८८ मध्ये सुरू झाला. सोव्हिएत लाल सेना जवळ आल्यावर जानेवारी १९४५ मध्ये नाझींनी याच छावण्यांतल्या सुमारे ६० हजार कैद्यांना बर्फातून पश्चिमेकडे हाकललं होतं. हजारो वाटेतच मेले. त्या चालण्याला हे चालणं म्हणजे उत्तर.

हे चालणं एका लांब सहलीतला एक टप्पा. पण नुसतं चालणं बघून ती सहल कळत नाही, तिचा क्रम बघावा लागतो. आधी पोलंड: वॉर्सा, क्राकूव्ह, माइदानेक, ट्रेब्लिंका. मग विमानाने इस्रायल. स्मृतिदिनानंतर आठवड्याभराने तिथे शहीद सैनिकांचा दिवस येतो आणि त्या दिवशी सूर्य मावळताच स्वातंत्र्यदिन सुरू होतो. सोळा-सतरा वर्षांचं पोर राखेच्या ढिगाऱ्यापासून निघतं आणि आतषबाजीत पोचतं. मृत्यू तिकडे, जीवन इकडे, हे कुणी तोंडाने सांगायची गरजच उरत नाही.

१९८८ मध्येच इस्रायलच्या शिक्षण खात्यानेही शाळकरी मुलांचे गट पोलंडला पाठवायला सुरुवात केली. कोविडपूर्वी वर्षाला जवळपास ४० हजार मुलं जात होती. वाटेतला एक थांबा तिकोचिन. इथलं १६४२चं सिनेगॉग आजही दिमाखात उभं आहे. आत मुलं गातात, फेर धरून नाचतात. तिथून बस वोपुखोवोच्या जंगलात जाते. ऑगस्ट १९४१ मध्ये गावातल्या दोनेक हजार ज्यूंना इथे खड्ड्यांच्या काठावर आणून गोळ्या घातल्या. गाणं आणि खड्डा यांच्यात काही मिनिटांचंच अंतर, आणि तेच अंगावर येतं. ट्रेब्लिंकात तर पाहायला काहीच नाही: आठ लाखांहून अधिक माणसं मारून नाझींनी छावणीच उखडून टाकली, आता तिथे १७ हजार दगड उभे आहेत. माइदानेकचं उलट. जुलै १९४४ मध्ये लाल सेना इतक्या वेगाने आली की विषारी वायूच्या कोठड्या तशाच राहिल्या. छावणी लुब्लिन शहराला चिकटून आहे, कुंपणापलीकडे घरं दिसतात. या लोकांना काही दिसलं नसेल का, हा प्रश्न मुलांना पडतो. मला तो सगळ्या सहलीतला सर्वांत खरा प्रश्न वाटतो, कारण त्याचं उत्तर सरळ नाही.

उत्तर शोधायला पोलिश माणसांशी बोलावं लागेल, आणि तिथेच ही सहल लंगडी पडते. स्वतः अशा गटांचे मार्गदर्शक राहिलेले मानववंशशास्त्रज्ञ जॅकी फेल्डमन यांनी २००८च्या पुस्तकात दाखवलंय, की बस, सुरक्षारक्षक, हॉटेल आणि हातातला झेंडा यांचं एक बंद जग तयार होतं. पोलंड उरतो तो मृत्यूची पार्श्वभूमी म्हणून. लहानपणी ऑशविट्झ भोगलेले विचारवंत येहुदा एल्काना यांनी तर १९८८ मध्येच ‘हाआरेत्झ’ या इस्रायली दैनिकात लिहिलं होतं, की समाजाने विसरायलाही शिकावं. त्यांच्यावर टीकेची झोड उठली.

आणखी एक पदर आपल्या जवळचा. अलिबाग, पेण, रेवदंडा सोडून गेलेल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांतली नातवंडंही इस्रायलच्या शाळांत शिकतात. युरोपातला संहार त्यांच्या आज्या-आजोबांनी भोगलेला नाही. मोरोक्को किंवा येमेनहून आलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरचीही हीच गत. तरी ही स्मृती त्यांच्याही वाट्याला येते. पाटीवर लिहायला घरातलं नाव नसलेलं मूल तिथे उभं राहून काय आठवतं, याचा विचार सहल आखणाऱ्यांनी करायला हवा.

पोलंडलाही आपली बाजू सांगायची घाई आहेच. सहलींचा आशय आणि सशस्त्र रक्षक यांवरून २०२२ मध्ये दौरे थांबले. मार्च २०२३ मध्ये करार झाला; सोबत पोलंडने सुचवलेल्या स्थळांची यादी, आणि त्या यादीवर इस्रायली इतिहासकारांची टीका. दोन्ही सरकारांना सोयीचा इतिहास हवा आहे. मार्कोवा गावात आठ ज्यूंना आसरा दिला म्हणून उल्मा हे पोलिश कुटुंब मार्च १९४४ मध्ये लेकरांसकट मारलं गेलं. येद्वाब्नेत जुलै १९४१ मध्ये पोलिश शेजाऱ्यांनीच ज्यूंना कोठारात कोंडून जाळलं. दोन्ही गावं बघितल्याशिवाय माइदानेकच्या कुंपणावरच्या प्रश्नाला हात घालता येणार नाही.

क्राकूव्हच्या काझिमिएझ भागात २००८पासून ज्यू समाजकेंद्र चालतं. ज्यूंखेरीज तिथे पोलिश स्वयंसेवकही राबतात. २०१४पासून उन्हाळ्यात एका दिवशी बिर्केनाउच्या फाटकातून सायकली निघतात आणि ९७ किलोमीटर तुडवून या केंद्रात येतात. काही सहली इथे डोकावतातही. पण धावत्या भेटीऐवजी एक अख्खी संध्याकाळ इथे मोकळी ठेवली, मार्गदर्शकाने तेवढा वेळ गप्प बसायचं ठरवलं आणि त्या स्वयंसेवकांना मुलांसमोर बसवलं, तर वेळापत्रकातली एखादी स्मारकभेट कमी करावी लागेल. तेवढी करावी.