घोड्याला आणि दादाला

वडनेरला आमचे घर हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. नागपूरहून निघालेला रस्ता हिंगणघाट ओलांडून वडनेरला येतो आणि तसाच पुढे पांढरकवडा, आदिलाबाद करीत हैदराबादेला जातो. लहानपणी आम्ही ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांवरची अक्षरे वाचत असू. त्यांतली गोलगोल तेलुगू अक्षरे मला वाचता येत नसत. तोच माझा त्या वयातला परदेश! पुढे मी मराठीचा एम. ए. झालो, नागपूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो, त्यालाही आता वीस वर्षे होऊन गेली. पण दिवाळीला वडनेर कधी चुकले नाही. दादा शेती पाहतात, वहिनी घर पाहतात आणि मी तयार फराळ पाहतो, अशी आमच्या घरातली कामाची वाटणी आहे.

गेल्या दिवाळीला माझी भाची पुण्याहून आली होती. ही मुलगी कोरियन भाषा शिकली आहे. तिने ती भाषा घेतली तेव्हा ‘जर्मन घे, फ्रेंच घे, हे भलतेच काय?’ असे विचारणाऱ्यांत मीही होतो. पण पुण्याच्या आसपास कोरियन कारखाने आले. रांजणगावला एल. जी. आहे; तळेगावचा मोटारींचा कारखाना विकत घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांची जी नावे दिली आहेत, त्यांत पहिलेच नाव कोरियनचे आहे. शिवाय कोरियन मालिका पाहून ती भाषा शिकायला निघालेल्या मुली घरोघर आहेत. तात्पर्य, भाचीला दुभाषाची नोकरी मिळाली आणि संध्याकाळी तिने स्वतःचा एक वर्गही काढला.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. चेहरा उतरलेला होता.

“मामा, तुम्ही वीस वर्षं शिकवता. मला एक सांगाल?”

“विचार ना!” मी चिवड्याची बशी बाजूला ठेवून म्हटले. अशा प्रश्नाने कोणता मास्तर फुलणार नाही?

“माझ्या वर्गात अठरा जण होते. दीड महिन्यात अकरा उरले. मला कोरियन येतं हो! परीक्षा दिल्या आहेत, दिवसभर कारखान्यात तेच बोलते. पण मी शिकवायला लागले की समोरचे गप्प होतात. वर्ग बंद करावा म्हणते.”

मी तिला धीर दिला. ‘विषयावर प्रभुत्व असले की शिकवणे आपोआप येते,’ असे एक वाक्यही बोलून गेलो. त्या वाक्याची शिक्षा मला त्याच रात्री मिळायची होती.

त्याचे असे झाले. दादांची सून निजामाबादकडची, माहेरी तेलुगू बोलणारी. आमच्या घरी येऊन तिला तेव्हा आठ महिने झाले होते. मुलगी हुशार, ऐकून ऐकून तिने बरीच मराठी उचलली होती. त्या सकाळी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “दाद्याला चहा दिला.” झाले! सारे घर हसले. वहिनी हसल्या, पोरे हसली, मीही हसलो. दिवसभर पोरे ‘दाद्याला, दाद्याला’ म्हणून नाचत होती. त्यानंतर ती सून ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे एक शब्द बोलली नाही. फराळाच्या धांदलीत ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

रात्री सगळे ओट्यावर पांगले असता ती हळूच आली.

“काकाजी, तुम्ही मराठीचे प्रोफेसर. घोडा – घोड्याला. आंबा – आंब्याला. मग दादा – दाद्याला का नाही?”

प्रश्न अगदी रास्त होता. मी घसा साफ केला आणि सामान्यरूप म्हणजे काय, विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी आकारान्त पुल्लिंगी नामाच्या अंत्य ‘आ’चा ‘या’ कसा होतो, त्याला अपवाद कोणते, हे सांगू लागलो. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या व्याकरणापर्यंत जाऊन पोहोचलो. दहा मिनिटांनी तिच्याकडे पाहिले. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. माझ्या वर्गातल्या मागच्या बाकांवर तो मी वीस वर्षे पाहत आलो आहे.

भाची उठली. भिंतीवरचे जुने कॅलेंडर काढून तिने पानाच्या पाठीवर दोन रकाने आखले. एकीकडे लिहिले : घोडा, आंबा, रस्ता, डबा. दुसरीकडे : दादा, मामा, काका. खाली प्रत्येकाचे ‘ला’ लावलेले रूप लिहिले आणि कागद तिच्यापुढे ठेवला.

“बघ वहिनी, या दोन्हींत काय फरक दिसतो?”

सून कागदाकडे पाहत राहिली. मग बोट ठेवून म्हणाली, “ही माणसं. मोठी माणसं. मानाच्या माणसाला वाकवायचं नाही!”

मी थक्क झालो. माझ्या दहा मिनिटांच्या व्याख्यानात जे नव्हते ते तिने एका वाक्यात सांगितले होते. पण गंमत पुढेच आहे. तिने लगेच विचारले, “मग नवरा?”

“नवऱ्याला,” भाची म्हणाली.

“त्याला वाकवतात!” असे म्हणून ती खळखळून हसली, आणि या वेळी सारे घर तिच्यावर नव्हे, तिच्याबरोबर हसले. मग दोघींनी मिळून नियम सुधारला : ज्या शब्दाने आपण वडीलधाऱ्याला हाक मारतो, तो शब्द वाकत नाही. नवऱ्याला ‘ए नवरा’ अशी हाक कोण मारते? सूनबाईंनी मग आणखी शब्द काढून तपासले. ‘राजा’ही वाकत नाही, हे पाहून तिला फार समाधान वाटले.

भाची मात्र गंभीर झाली होती. ती म्हणाली, “मामा, मी वर्गात अगदी तुमच्यासारखंच बोलते.”

हे वाक्य मला लागले. लागायचे कारण तिला ठाऊक नव्हते. मी शिकवतो त्या महाविद्यालयात परप्रांतातून आलेल्या मुलांसाठी मराठीचा एक जादा वर्ग काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला होता. मी तेथे काय केले? नेहमीचेच व्याख्यान जरा सावकाश आणि जरा मोठ्याने दिले. मुले गळत गेली, तशी मी त्यांना मनातल्या मनात ‘मठ्ठ’ म्हणत गेलो. एका मुलाने जाताना वहीत लिहून ठेवले होते, ‘शमा करा सर, मला येत नाही.’ मी काय केले असेल? तांबड्या शाईने ‘शमा’चे ‘क्षमा’ केले आणि वही परत दिली. त्याने काय म्हटले आहे ते मी वाचलेच नाही. इतकी वर्षे ती वही विसरलो होतो, ती त्या रात्री वडनेरच्या ओट्यावर आठवली.

आणि खरी लाज वाटली ती निराळ्याच कारणाने. परकी भाषा शिकवणारे शिक्षक घडवण्याचा मोठा उद्योग जर कोठे झाला असेल, तर तो आमच्याच वर्धा जिल्ह्यात! १९३६ साली नागपूरला राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन झाले आणि त्यातून वर्ध्याला राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली. हिंदी ज्यांची मातृभाषा नाही अशांना हिंदी शिकवायची, हे तिचे काम. समितीच्या ‘प्रवेश’, ‘परिचय’, ‘कोविद’ या परीक्षा मराठी घरांतल्या किती आयांनी आणि आत्यांनी स्वयंपाक आटोपून दिल्या असतील! त्या परीक्षांमागे गावोगावचे प्रचारक होते. त्यांतल्या पुष्कळांची मातृभाषा हिंदी नव्हती. ते स्वतः ती शिकून शिकवायला उभे राहिले होते. साताऱ्याला जन्मलेले काका कालेलकर हे त्या कामातले एक प्रमुख. मराठी माणूस गुजरातीचा थोर लेखक झाला आणि हिंदीचा प्रचार करीत हिंडला. जो स्वतः ठेचाळत शिकला, त्याला शिकणाऱ्याची ठेच कोठे लागते ते बरोबर ठाऊक असते. पवनारच्या विनोबांनी वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेकडच्या भाषा शिकून घेतल्या, तेही वयाची चाळिशी उलटल्यावर.

हे काम पुढे वाढतच गेले. १९६० साली हिंदी शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी आग्ऱ्याला केंद्रीय संस्था निघाली. १९६९ साली म्हैसूरला भारतीय भाषा संस्थान आले; त्याच्या पुण्याच्या केंद्रात परप्रांतांतले शिक्षक दहा-दहा महिने राहून मराठी शिकत आले आहेत. १९७५ च्या जानेवारीत नागपूरला पहिले विश्व हिंदी संमेलन भरले. वर्ध्याला हिंदीचे आंतरराष्ट्रीय विद्यापीठ हवे, ही कल्पना तेथलीच. १९९७ साली ते विद्यापीठ स्थापन झाले. देशोदेशीचे विद्यार्थी तेथे हिंदी शिकायला येऊन गेले. वडनेरहून वर्धा ती किती दूर! आणि मी, मराठीचा अध्यापक, त्या वाटेने शेकडो वेळा गेलो. पण ‘तुम्ही हे शिकवता कसे?’ असे विचारायला कधी आत शिरलो नाही.

भाचीने मग मला कोरियन लोकांची रीत सांगितली. ती ऐकून मी चकितच झालो. त्यांच्याकडे २००५ च्या भाषाविषयक कायद्याने परकीयांना कोरियन शिकवणाऱ्या शिक्षकांची तीन श्रेणींची सनद ठरवून दिली आहे. ज्याने या विषयाची खास पदवी घेतलेली नाही, त्याने निदान १२० तासांचे शिक्षण घ्यायचे आणि परीक्षा द्यायची, तेव्हा तिसरी श्रेणी. हे १२० तास कसे वाटले आहेत पाहा : कोरियन भाषेच्या अभ्यासाला ३०, सामान्य भाषाविज्ञानाला १२, संस्कृतीला १२, प्रत्यक्ष पाठांना २०; आणि ‘परक्या माणसाला ही भाषा कशी शिकवावी’ या एकाच गोष्टीला तब्बल ४६! जन्माने कोरियन असला तरी यातून सुटका नाही. ‘माझी मातृभाषा आहे, मला येतेच,’ हे उत्तर तेथे चालत नाही. आपल्याकडे मात्र तेवढ्या एका वाक्यावर मी वीस वर्षे काढली होती.

त्या लोकांची लिपीही मोठी शहाणी आहे. राजा सेजोंगने ती १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये प्रजेला दिली. ‘न’चे अक्षर टाळूकडे वळलेल्या जिभेसारखे, ‘म’चे तोंडासारखे, ‘स’चे दातासारखे. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ण आपल्या पूर्वजांनी लावून ठेवले. सेजोंगने तर त्यांची चित्रेच काढली! “मग तू मुलांना हे सांगतेस ना?” मी विचारले. भाची खाली मान घालून म्हणाली, “नाही. मी तीन आठवडे नुसती बाराखडी गिरवून घेतली.”

त्या रात्री आम्ही तिघांनी बसून तिच्या वर्गाचे नवे पाठ आखले. सूनबाई विद्यार्थिनी झाली. कोरियन भाषेत शिजवलेल्या भाताला ‘पाप’ म्हणतात. (‘प’ आणि ‘ब’ यांच्या मधला तो उच्चार आहे.) भेटल्यावर कोरियन माणूस ‘भात खाल्ला का?’ असे विचारतो. आपण ‘जेवलात का?’ म्हणतो तसेच. तेव्हा पहिला पाठ बाराखडीचा नव्हे, ‘जेवलात का’चा. वाक्यातला क्रमही आपलाच : मी – भात – खातो. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. मोठ्यांशी बोलताना क्रियापद बदलते. आपण ‘आलास’ आणि ‘आलात’ म्हणतो, त्याचाच तो लांबचा भाऊ. मराठी मुलांना जे घरबसल्या येते ते आधी, अडचणीचे नंतर. थोरल्या भावाला बहिणीने ‘ओप्पा’ म्हणायचे आणि भावाने ‘ह्यॉंग’, हा गुंता पाचव्या पाठात. ‘क’चे तीन उच्चार आठव्यात. प्रत्येक पाठाच्या शेवटी स्वतःला एकच प्रश्न : आज शिकवणारा किती बोलला आणि शिकणारा किती?

मे महिन्याच्या सुट्टीत मी मुद्दाम पुण्याला जाऊन तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो. अकराचे चौदा झाले होते. गेलेल्यांपैकी तिघे परत आले होते; बाकीचे आले नाहीत, आणि भाचीने ते माझ्यापासून लपवलेही नाही. शेजारच्या तरुणाने मला ‘पाप खाल्लंत का?’ असे कोरियनमध्ये विचारले. मी उत्तर द्यायला गेलो आणि सपशेल चुकलो. सगळा वर्ग हसला. कान तापले हो! बावीस वर्षांनी मी पुन्हा विद्यार्थी झालो होतो, आणि ‘दाद्याला’ म्हणणाऱ्या मुलीला त्या सकाळी काय वाटले असेल ते मला त्या बाकावर कळले. अध्यापकाला दर काही वर्षांनी अशी एखादी परकी भाषा सक्तीने शिकायला लावावी, असे माझे आता मत झाले आहे. त्याइतके चांगले प्रशिक्षण दुसरे नाही.

हा प्रश्न केवळ कोरियनचा नाही, म्हणून एवढे लिहिले. २०२० साली कायदा होऊन महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांतून मराठी सक्तीची झाली. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्याला आनंद झाला, पेढे वाटले. पण ज्या मुलाच्या घरी तेलुगू, हिंदी किंवा गुजराती बोलतात, त्याच्यापुढे मराठीचा शिक्षक उभा राहतो तेव्हा त्या शिक्षकाजवळ काय असते? बहुधा माझ्याजवळ होते तेवढेच : मातृभाषेचा अभिमान आणि तांबडी शाई. त्याला कोणी १२० तास दिले आहेत काय? निदान ४६?

या जूनमध्ये मी परप्रांतीय मुलांचा वर्ग पुन्हा मागून घेतला. पहिल्या दिवशी फळ्यावर दोन रकाने आखले आणि खडू मुलांच्या हातात दिला.

परवा वडनेरहून फोन आला होता. कापसाची वेचणी सुरू झाल्याचे दादांनी सांगितले. मग सूनबाईंनी फोन घेतला. आता ती भरभर बोलते, आमच्या पोरांच्या चुका काढते.

“काकाजी, दिवाळीला या. एक शब्द काढून ठेवला आहे. तुम्हाला नाही यायचा!”

मी फोन ठेवून दामल्यांचे व्याकरण काढले. मग विचार केला, नको. या वेळी उत्तर पाठ करून जायचे नाही.