चिडाच्या लाकडाचे रंगकाम : फवारणीची पद्धत व दक्षता

खानापूर तालुक्यातील सुतारांचा हात साग, शिवण व फणस या लाकडांवर बसलेला आहे. चीड अर्थात पाइन हे लाकूड मात्र येथील रानातले नव्हे. ते यंत्रसामग्रीच्या खोक्यांतून अथवा फळ्यांच्या रूपाने बाहेरून येते. सागाच्या मानाने ते हलके व स्वस्त असल्याने टेबल, बाके व कपाटे यांसाठी उपयोगी पडते. तथापि सागाच्या पद्धतीने त्यास रंग दिल्यास पृष्ठभागावर काळपट डाग उमटतात.

याचे कारण लाकडाच्या घडणीत आहे. चिडाच्या फिकट, मऊ वलयांत रंग अधिक मुरतो. गडद व कठीण वलयांत तो कमी मुरतो. शिवाय गाठींतील राळ कालांतराने रंगातून वर येते. यास्तव लाकूड प्रथम १२० व नंतर १८० क्रमांकाच्या कागदाने रेषांच्या दिशेने घासून धूळ पुसावी. गाठींवर चपडी लाखेचे स्पिरिटमधील द्रावण लावावे. त्याचाच एक पातळ हात सर्व पृष्ठभागावर दिल्यास रंग समप्रमाणात बसतो.

रंग पातळ करून, गाळून फवारणी यंत्रात भरावा. यंत्राचे तोंड पृष्ठभागापासून सुमारे १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर, काटकोनात धरावे व हात सरळ रेषेत चालवावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यावा. एका जाड थरापेक्षा दोन-तीन पातळ थर उत्तम. जाड थर ओघळतो. रंग वाळल्यावर पारदर्शक लॅकरचे थर द्यावेत आणि त्या थरांदरम्यान ३२० क्रमांकाचा कागद हलक्या हाताने फिरवावा. त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी चाचणी घेणे हितावह होय.

मलप्रभेच्या उगमाकडील कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस विपुल पडतो. दमट हवेत लॅकरमधील द्रावक झपाट्याने उडून पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर साचते व थर पांढरट पडतो. म्हणून पावसाळ्यात असे काम उघडीप असताना, कोरड्या दिवशीच करावे.

सर्वांत महत्त्वाची बाब सुरक्षिततेची. फवाऱ्यातील द्रावकांची वाफ ज्वालाग्राही असते. जवळपास विडी, चूल अथवा ठिणगी नसावी. जागा हवेशीर असावी. साधा रुमाल वाफ अडवीत नाही. त्यासाठी योग्य गाळणीचा मुखवटा वापरावा. दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगांतील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. जवस तेलाने भिजलेल्या चिंध्या ढिगाने ठेवल्यास आपोआप पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्यात. खोक्यावर ‘एमबी’ असा शिक्का असल्यास त्या लाकडावर मिथाइल ब्रोमाइड वायूची प्रक्रिया झालेली असते. ते घरातील सामानासाठी वापरू नये. ‘एचटी’ शिक्क्याचे लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेले असते.

शाळेतील कार्यानुभवाच्या तासास मुलांच्या हाती फवारणी यंत्र न देता, चपडी लाखेचे द्रावण कापडाने लावण्याचे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली द्यावे. लाकडाचा स्वभाव ओळखण्याची दृष्टी त्यातूनही येते. चांगला रंग सदोष लाकूड सुधारीत नाही. पण चांगल्या रीतीने दिलेला रंग साध्या लाकडासही दीर्घायुष्य देतो.