इंजिनाला ताप किती?

मागच्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकाच्या गाडीत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, पण पेट्रोल जास्त पीत होती आणि धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येत होता. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, तेव्हा 'पी ०१२८' असा कोड मिळाला. त्याचा अर्थ, इंजिन पुरेसे तापत नाही. थर्मोस्टॅट बदलला. आठवड्याभरात दिवा परत लागला. मग तापमानाचा सेन्सर बदलला. आता मात्र दिवा गेला. सगळ्यांना वाटले, दुखणे सापडले. तीन आठवड्यांनी एका पावसाळी सकाळी दिवा पुन्हा हजर!

दोन नवे भाग बसले, काही हजार रुपये गेले आणि बिघाड होता तिथेच राहिला. तेव्हा आम्ही ठरवले, आता काहीही बदलायचे नाही; आधी मोजायचे. हा शोध आठवी-नववीच्या वर्गातल्या ओहमच्या नियमावरच लागला. म्हणून तो तुमच्यापुढे मांडतो आहोत.

इंजिनाचा तापमापक

थंड इंजिनाला पेट्रोल थोडे जास्त लागते, तापलेल्याला कमी. कार्बुरेटरच्या गाड्यांत थंड इंजिन सुरू करताना चोक ओढावा लागे. आता हे काम गाडीतला छोटा संगणक करतो. त्यासाठी त्याला इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याचे, म्हणजे कूलंटचे तापमान कळावे लागते. ते सांगतो थर्मिस्टर.

बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो, हे आपण शिकवतो. थर्मिस्टर अर्धवाहक पदार्थाचा असतो. तो तापला की वीज वाहून नेणारे मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात आणि रोध कमी होतो. तोही थोडाथोडका नाही. गाड्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या सेन्सरचे आकडे साधारण असे आहेत:

२० अंश सेल्सिअस : २५०० ओहम
४० अंश : ११७५ ओहम
६० अंश : ६०० ओहम
८० अंश : ३२० ओहम

संगणकाला रोध थेट मोजता येत नाही, विभवांतर मोजता येते. म्हणून तो ५ व्होल्ट घेतो, ते आपल्या आतल्या एका ठरावीक रोधातून सेन्सरकडे पाठवतो आणि सेन्सरच्या दोन टोकांमधले विभवांतर पाहतो. आतला रोध २००० ओहम आहे असे धरू. सेन्सर २० अंशांवर असेल, तर २५०० भागिले ४५००, गुणिले ५, म्हणजे सुमारे २.८ व्होल्ट. ८० अंशांवर ३२० भागिले २३२०, गुणिले ५, म्हणजे सुमारे ०.७ व्होल्ट. एकसर जोडणीतल्या दोन रोधांचे हे नेहमीचे गणित आहे.

संगणकाला काय दिसते?

आता समजा, सेन्सरची वायर तुटली. प्रवाहच नाही, म्हणून संगणकाला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. तो म्हणतो, उणे ४० अंश! हा आकडा कुठून आला? स्कॅनरकडे तापमान ० ते २५५ या संख्यांपैकी एका संख्येने पाठवले जाते आणि वाचताना तिच्यातून ४० वजा करायचे ठरले आहे. म्हणून सर्वांत खालचा आकडा उणे ४०. उलट दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, तर ० व्होल्ट दिसतात आणि इंजिन भयंकर तापल्याचा आकडा येतो. या दोन्ही गोष्टी अशक्य आहेत हे संगणकाला कळते. पहिलीला तो पी ०११८ आणि दुसरीला पी ०११७ हा कोड देतो. अमेरिकेत १९९६ पासून आणि भारतात २०१३ पासून असे कोड देणारी यंत्रणा नव्या मोटारींत सक्तीची झाली.

पण वायर तुटलीही नाही, चिकटलीही नाही, फक्त जोडावर गंज चढला आणि १००० ओहमचा जादा रोध मधे आला, तर? इंजिन ८० अंशांवर आहे. सेन्सरचे ३२० आणि गंजाचे १०००, मिळून १३२० ओहम. संगणकाला ०.७ ऐवजी २ व्होल्ट दिसतात. तो वाचतो, ३७ अंश. हे तापमान अशक्य नाही, म्हणून वायरिंगच्या बिघाडाचा कोड येत नाही. इंजिन थंड आहे असे समजून संगणक पेट्रोल वाढवतो. बराच वेळ गाडी चालूनही आकडा चढत नाही, तेव्हा म्हणतो, इंजिन पुरेसे तापत नाही. हाच आमचा पी ०१२८!

म्हणजे कोड खोटे बोलत नव्हता. संगणकाला जे दिसले, ते त्याने सांगितले. ते कशामुळे दिसले, हे शोधणे आपल्याकडे होते.

तीन संशयित

थर्मोस्टॅट उघडा अडकला तर पाणी सतत रेडिएटरमधून फिरते आणि इंजिन खरोखरच थंड राहते. सेन्सर बिघडला किंवा जोड गंजला, तर इंजिन तापते, आकडा मात्र चुकतो. हे वेगळे कसे ओळखायचे?

पहिली परीक्षा सकाळची. गाडी रात्रभर उभी राहिली की तिचे सगळे भाग हवेच्या तापमानाला येतात. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवून स्कॅनरवर दोन आकडे पाहिले. आत येणाऱ्या हवेचा सेन्सर २५ म्हणत होता, पाण्याचा १५. थर्मोस्टॅट कितीही बिघडला, तरी रात्रभर उभ्या गाडीतले पाणी हवेपेक्षा दहा अंश थंड करू शकत नाही. पहिला संशयित सुटला.

इथे एक गोष्ट लक्षात आली. हाच गंज सकाळी दहाच अंशांची चूक करतो आणि तापलेल्या इंजिनात चाळीसच्या वर. कारण थंड सेन्सरचा रोध दोन हजारांवर असतो, त्यात हजार मिळवले तर दीडपट होते. तापलेल्या सेन्सरच्या ३२० मध्ये हजार मिळवले, तर चौपट!

दुसरी परीक्षा. किल्ली बंद करून सेन्सरचा कनेक्टर काढला आणि मल्टिमीटरने नुसत्या सेन्सरचा रोध मोजला. सुमारे २०५० ओहम आला. २५ अंशांना तो तेवढाच हवा. सेन्सरही सुटला.

तिसरी परीक्षा. कनेक्टर सुटा ठेवून किल्ली फिरवली, तेव्हा उणे ४० आले. ठीक. मग कनेक्टरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या. आता आकडा वरच्या टोकाला जायला हवा होता. तो ४५ वरच थांबला! सेन्सर मधे नसतानाही वाटेत हजार ओहम होते. कनेक्टरमागची वायर हलवली, तर आकडा ४५ वरून ६० वर, पुन्हा ५० वर उड्या मारू लागला.

कनेक्टर उघडला. मागचे रबरी सील फाटले होते. त्यातून पाणी शिरून वायर जिथे पिनेत दाबून बसवलेली असते, तिथे हिरवट पूड जमली होती. नवी पिन आणि नवे सील बसवले. खर्च फारच थोडा.

मग सेन्सर बदलल्यावर तीन आठवडे गाडी बरी कशी चालली? सेन्सर बदलताना कनेक्टर ओढला गेला, वायर हलली आणि गंजलेल्या तारा काही काळ पुन्हा टेकल्या. आपण केले दोन बदल, श्रेय दिले एकाला. सेन्सर न बदलता कनेक्टर नुसता काढून पुन्हा लावून पाहिला असता, तर तेव्हाच कळले असते.

थोडी सावधगिरी. पिना जोडण्याची परीक्षा दोन वायरींच्या या सेन्सरवरच करावी. तीन वायरींच्या सेन्सरमध्ये ५ व्होल्टचा पुरवठा असतो, तिथे ती करू नये. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नये. काही गाड्या बिघाड कळताच स्वतःच एक ठरावीक तापमान धरून चालतात. तेव्हा आकडा वाचताना हेही ध्यानात ठेवावे.

वर्गात करून पाहा

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १० किलोओहमचा थर्मिस्टर स्वस्तात मिळतो. तो १० किलोओहमच्या साध्या रोधाशी एकसर जोडा आणि तीन सेल लावा. थर्मिस्टर पातळ फुग्यात बांधून पाण्यात सोडा. बर्फाच्या पाण्यापासून गरम पाण्यापर्यंत तापमान आणि विभवांतर यांचा आलेख काढा. मग मुलांच्या नकळत ४.७ किलोओहमचा रोध थर्मिस्टरशी एकसर जोडा, विभवांतर आता थर्मिस्टर आणि हा रोध या दोघांवर मिळून मोजा आणि पाणी ५० अंशांवर ठेवा. आलेख तिसाच्या आसपासचे तापमान दाखवेल. चूक तापमापकाची, थर्मिस्टरची की जोडणीची, हे मुलांना शोधू द्या. अट एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आणि शेवटी एक प्रश्न. जोड गंजण्याऐवजी दोन वायरींमध्ये ओल शिरून वीज थोडी थोडी आडवी झिरपू लागली, तर आकडा खऱ्या तापमानाच्या वर जाईल की खाली? आणि ती चूक थंड इंजिनात मोठी असेल की तापलेल्या? आधी मुलांना अंदाज बांधू द्या, मग थर्मिस्टरला समांतर रोध जोडून पाहा.