चिखलातील परीक्षा
शेतासाठी जुनी ‘फोर-व्हील’ गाडी निवडताना

आमचे शेत सांवेर तहसिलीत, इंदूर-उज्जैन मार्गापासून बरेच आत आहे. पक्की सडक संपल्यावर शेतघरापर्यंत सुमारे दोन किलोमीटरांची कच्ची वाट लागते. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून लोण्यासारखी होते, हे येथील वाचकांस सांगावयास नको. आठ महिने त्या वाटेवरून कोणतेही वाहन निमूटपणे जाते. उरलेले चार महिने मात्र वाट ठरवील तेच वाहन जाते.

गेल्या वर्षीच्या आषाढात एका रात्री आमच्या थोरल्या वहिनींच्या छातीत कळा येऊ लागल्या. दारात आमची डिझेलची गाडी उभी होती. दिसावयास दणकट, उंच आणि भारदस्त. पण इंजिनाची ओढ फक्त मागच्या चाकांना. शंभर पावलांवर ती चाके जागच्या जागी फिरू लागली आणि गाडी आसापर्यंत मातीत बसली. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी घालून, वर ताडपत्री धरून वहिनींना सडकेपर्यंत नेले. त्या दोन किलोमीटरांस तासाहून अधिक वेळ लागला. वहिनी वाचल्या. पण डॉक्टरांनी दादांकडे पाहून, “फार उशीर केलात,” एवढेच म्हटले, ते शब्द दादांच्या मनातून काही केल्या जाईनात.

दसऱ्याला त्यांनी मला बोलावून सांगितले, “सोयाबीनचे पैसे येतील ते बाजूला काढून ठेवतो. चारी चाकांनी ओढणारी गाडी बघ. नवी परवडणार नाही. पण फसवणूकही परवडणार नाही.” सिंचन खात्याच्या नोकरीत माझी तीस वर्षे कालव्यांवर जीप हाकण्यात गेली, म्हणून हे काम माझ्याकडे आले. त्या शोधात जे पाहिले व जे शिकलो, ते शेतीवाडी असलेल्या वाचकांच्या उपयोगी पडेल, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

गरज आणि हौस

शोधात माझा पुतण्या बरोबर होता. त्याने पहिल्याच दिवशी एक जीप पसंत करून टाकली. रुंद टायर, पुढे लोखंडी कठडा, छतावर शोधदिवा आणि मागे बंदुका अडकविण्याची घोडी. विकणाऱ्याने मोठ्या अभिमानाने सांगितले, “ही शिकारीची गाडी आहे.”

आमच्या वडिलांच्या पिढीत माळव्यातील कित्येक मराठी घरांतून तितर-बटेरांच्या शिकारीच्या गोष्टी कौतुकाने सांगितल्या जात. आमच्याही घरी त्यांची बाराबोरी बंदूक परवान्यासह आहे. पण वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली झाला आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्यावरील हौशी शिकारीचे दार जवळजवळ बंदच झाले. आज रोजडे म्हणजे नीलगाई आणि रानडुकरे पिकांची नासाडी करतात हे खरे. तथापि त्यांच्यावर गोळी झाडण्यास अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी हवी. त्याच कायद्यात, शिकारीच्या गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले वाहन सरकारजमा होण्याची तरतूद आहे. म्हणजे ज्या गुणाची विकणारा फुशारकी मारीत होता, तोच गुण सोयाबीनचे सगळे पैसे एका रात्रीत बुडवू शकला असता. अशी गाडी एखाद्या वनगुन्ह्यात अडकलेली नाही ना, याची चौकशी पोलीस व वनखात्याकडे केल्यावाचून तिच्याकडे ढुंकूनही पाहू नये.

बंदूक घेऊन नेमबाजीच्या मैदानावर जाणाऱ्यांस शोधदिव्याची गरजच नसते. त्यांस हवी ती बंद, कुलूप लागणारी जागा, जेथे परवान्यासह रिकामी बंदूक पेटीत ठेवता येईल. उघड्या जीपमध्ये ती सोय नसते. आमची खरी गरज तर याहूनही साधी होती : पावसात आडवे माणूस न भिजता सडकेपर्यंत नेता यावे, आणि एरवी खताची पोती.

चार चाकांचे मर्म

पुष्कळांची समजूत असते की, चारी चाकांनी ओढणारी गाडी कोठेही अडकत नाही. हे खरे नाही. जुन्या गाड्यांत एक जादा दांडी असते. ती ओढली म्हणजे पुढचा व मागचा आस एकमेकांशी जखडले जातात. त्याच दांडीने किंवा तिच्या जोडीच्या दुसऱ्या दांडीने ‘लो’ गिअर पडतो, आणि गाडी अतिशय सावकाश पण मोठ्या जोराने ओढते. मात्र प्रत्येक आसावर डावे-उजवे चाक अलग फिरू देणारे डिफरन्शियल असतेच. त्यामुळे पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके एकदम निसटली, तर चार चाकांची गाडीही उभी राहते. शिवाय ही जोडणी ब्रेकच्या कामी येत नाही. उतारावर आणि ओल्या डांबरावर ही गाडी इतरांसारखीच घसरते, आणि उंच असल्यामुळे वळणावर अधिक सहज कलंडते.

कोरड्या डांबरी सडकेवर ही दांडी ओढून गाडी चालवू नये. वळताना पुढची व मागची चाके सारखे अंतर कापीत नाहीत. त्याचा सारा ताण आतील दात्यांवर पडतो. ज्याने हौसेखातर वर्षानुवर्षे तसे केले, त्याच्या गाडीचा ट्रान्स्फर केस आतून झिजलेला असतो. म्हणून विकणाऱ्यास सहज विचारावे, “फोर-व्हील केव्हा लावता ?” “नेहमीच,” असे उत्तर आले तर सावध व्हावे, “कधीच नाही,” असे आले तरीही सावध व्हावे, कारण न वापरलेली दांडी पुष्कळदा गंजून अडकलेली असते.

कोणत्या गाड्या मिळतात

जुन्या बाजारात मुख्यतः चार घराणी आढळतात. पहिले महिंद्राच्या जीपांचे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन विलीज जीपचाच हा वंश. त्यांतील एमएम 540 मध्ये प्यूजो जातीचे 2112 सीसीचे डिझेल इंजिन येई. वेग बेताचा, आवाज पुष्कळ. पण खेड्यातील कोणताही मिस्त्री ती उघडून पुन्हा जोडू शकतो, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. दुसरे घराणे मारुती जिप्सीचे. ती 1985 साली आली. प्रथम 970 सीसीचे व 1996 पासून 1298 सीसीचे पेट्रोल इंजिन. तिचे वजन टनाच्या आसपास असल्यामुळे ती चिखलात कमी रुतते, हा तिचा मोठा गुण. पेट्रोलचा खर्च हा दोष. तिसरी जोंगा. आमच्याच प्रांतातील जबलपूरच्या कारखान्यात 1969 ते 1999 पर्यंत ती सैन्यासाठी बनली. सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन; शक्ती हत्तीची आणि भूकही हत्तीची. चौथे घराणे 2010 पासूनच्या थारचे. येथे एक सूचना करावीशी वाटते. 2020 च्या नव्या थारची केवळ मागच्या चाकांनी ओढणारी आवृत्तीही 2023 पासून विकली जाते, आणि जुन्या जीपांतही तसे प्रकार होतेच. तेव्हा नावावर न जाता खाली वाकून पाहावे. पुढच्या आसावर डिफरन्शियलचा लोखंडी गोळा नसेल आणि तिकडे जाणारा फिरता दांडा नसेल, तर ती गाडी चार चाकांची नव्हे.

उस्तादांची तपासणी

आमच्याबरोबर येणारे मिस्त्री वयाने साठीच्या घरात. सारी गल्ली त्यांस उस्ताद म्हणते. त्यांच्या तपासणीचा क्रम सांगण्यासारखा आहे.

गाडी पाहावयास सकाळी जावे, आणि आपण येईपर्यंत ती सुरू करू नये असे आधीच कळवावे. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवावा. तो गरम लागला, तर गार इंजिन सुरू होण्यास कुरकुर करते हे लपविण्यासाठी कोणी आधीच सुरू केले असावे. सुरू केल्यावर धूर पाहावा. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळीत आहे. डिझेल गाडीचा सततचा दाट काळा धूर म्हणजे इंधनाची किंवा हवेची वाट बिघडली आहे. तेल भरण्याचे झाकण काढल्यावर आतून धुराचे फुत्कार येत असतील, तर इंजिन उघडण्याची वेळ जवळ आली आहे.

मग पाठीवर झोपून चासी पाहावी. रंगापेक्षा जोड महत्त्वाचे. चासीवर नवे वेल्डिंग, तडे किंवा ठोकून सरळ केल्याच्या खुणा दिसल्या, की उस्ताद पुढे पाहातच नसत. पाट्यांतील एखादे पान तुटलेले असेल तर ते बदलता येते. वाकलेली चासी पूर्ववत होत नाही. नंतर डिफरन्शियलचा बोल्ट सैल करून थोडे तेल बोटावर घ्यावे. ते दुधाळ असेल, तर गाडी खोल पाण्यातून गेली आहे आणि पाणी आत राहिले आहे. चाक पूर्ण वळवून सावकाश चालवावे. पुढच्या चाकांतून कटकट आवाज आला तर तेथील सांधे गेलेले समजावे. चारही टायर एकाच मापाचे असावेत. टायरच्या कडेवरील चार अंकांत पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन साल सांगतात. नक्षी शाबूत असली तरी म्हातारा टायर ओल्या मातीत धरत नाही.

अखेरची परीक्षा शेतात. नांगरलेल्या किंवा पाणी दिलेल्या तुकड्यात गाडी न्यावी, दांडी ओढावी, आणि एकाने बाहेर उभे राहून पुढची चाके खरोखर माती उपसतात का, हे पाहावे. ‘लो’ गिअरमध्ये उतारावर सोडून पाय काढावा. दांडी आपोआप उसळून बाहेर आली तर आतील दाते झिजले आहेत. सडकेवर गाडी फिरवून देणारे पुष्कळ भेटतात. शेतात नेऊ देणारा विरळाच, आणि जो नाही म्हणतो त्याचे उत्तर आपल्यास मिळालेले असते.

कागदांचा चिखल

पुतण्याच्या त्या शिकारी जीपचे पुढे काय झाले ? उस्तादांनी चासीवरील क्रमांक चिंधीने पुसून वाचला आणि नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहिला. दोन आकडे जुळेनात. सैन्याच्या लिलावातील सुट्या भागांवर नवे अंग चढवून दुसऱ्याच गाडीचे कागद जोडण्याचे प्रकार घडतात. असे वाहन केवळ स्वस्त असते, आपले कधीच होत नाही. मूळ बांधणीत मनमानी फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा मनाई करतो, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले आहे. पुतण्याचा चेहरा उतरला. परतताना मात्र तोच म्हणाला, “काका, आणि अपघात झाला असता तर विमा कोणाच्या नावाने मागायचा होता ?”

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि त्याचा खर्च किमतीत धरावा. दिल्ली परिसरातील जुन्या गाड्यांवरील निर्बंधांमुळे तिकडच्या अनेक गाड्या इतर प्रांतांत येतात. त्या घेताना मूळ परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म 28, हाती आल्यावाचून पैसे देऊ नयेत. मालकी बदलण्यास फॉर्म 29 व 30 लागतात. कर्ज असल्यास ते फिटल्याचा फॉर्म 35. मी पाहिलेल्या विक्रेत्यांपैकी अर्धे “कागद नंतर होतील” असे म्हणत होते. कागद आधी, पैसे नंतर, हाच क्रम राखावा.

शेवटी काय घेतले

सात गाड्या पाहिल्यावर आठवी मिळाली : मानपूरकडील एका शेतकऱ्याची 2013 सालची जिप्सी, वर पक्के छत असलेली. रंग उडालेला, आसने फाटलेली. पण चासी सरळ, तेल स्वच्छ आणि मालक पहिलाच. त्याने आम्हांस आपणहून ओल्या गव्हाच्या शेताच्या बांधावरून नेले, आणि पुढची उजवी बेअरिंग बदलावयास झाली आहे हे न विचारता सांगितले. किंमत ठरल्यावर काही रक्कम दुरुस्तीसाठी राखून ठेवली. जुनी गाडी घेताना सारी थैली किमतीतच रिकामी करणे शहाणपणाचे नव्हे. फाटकी आसने दादांनी तशीच ठेवली. टायर व बेअरिंगा मात्र नव्या घातल्या, आणि एक जाड दोर व फावडे मागे कायमचे टाकले.

पुतण्याचाही रुसवा फार टिकला नाही. आता तो रविवारी कॅमेरा घेऊन यशवंत सागरकडे सारस पाहावयास जातो. बंदूक दादांच्या कपाटात कुलपात आहे.

यंदाच्या आषाढात वहिनींना तपासणीसाठी इंदुरास न्यावयाचे होते. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि वाटेवर घोट्याएवढे पाणी. दादांनी ‘लो’ गिअर टाकला. गतवर्षी जेथे गाडी बसली होती, त्या जागी चाके किंचित अडखळली. वहिनींनी पुढचा दांडा घट्ट धरला आणि डोळे मिटले. गाडी हळूहळू पुढे सरकत राहिली. सडकेला लागल्यावर त्यांनी डोळे उघडून विचारले, “आलो का ?” दादांनी घड्याळ पाहिले. बारा मिनिटे झाली होती.