वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया : शस्त्रवैद्यास विचारावयाचे प्रश्न

श्रोतेहो, मी डॉक्टर नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जन्मभर मुलांना गणित शिकवून आतां पेन्शन घेत असलेला एक शाळामास्तर आहें. अशा मनुष्यानें नभोवाणीवर येऊन शस्त्रक्रियेविषयीं बोलावें हें पुष्कळांस विचित्र वाटेल. परंतु शस्त्रक्रिया कशी करतात हें मला सांगावयाचें नाहीं. ती करून घेण्यापूर्वीं शस्त्रवैद्यास काय विचारावें, एवढेंच सांगावयाचें आहे. प्रश्न विचारणें हा माझा धंदाच होता. आणि जेथें तो खरोखर उपयोगीं पडला असता, तेथें मीं एकहि प्रश्न विचारला नाहीं.

प्रसंग असा घडला. माझ्या भाच्याचें वजन १२८ किलो झालें होतें. मधुमेह जडला होता, आणि रात्रीं झोपेंत त्याचा श्वास अडकत असे. आम्ही दोघे शहरांतील एका रुग्णालयांत गेलों. भिंतीवर रोग्यांचीं पूर्वींचीं व नंतरचीं छायाचित्रें लाविलेलीं होतीं. डॉक्टर हंसतमुख होते. दहा मिनिटांत शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. भाचा मला म्हणाला, "मामा, तुम्हांला कांहीं विचारावयाचें आहे का?" मी म्हणालों, "डॉक्टरांना काय विचारावयाचें! ते जाणते आहेत."

शस्त्रक्रिया उत्तम झाली. परंतु पुढें तीन आठवडे तो दररोज ओकत होता. फोन केला कीं कचेरींतील मुलगी सांगे, "सुरुवातीला असें होतेंच." मग त्याचे पाय बधिर झाले, चालतांना तोल जाऊं लागला, एका वस्तूच्या दोन दिसूं लागल्या. दुसऱ्या एका डॉक्टरांनीं ओळखलें कीं, सततच्या ओकाऱ्यांमुळें शरीरांतील ब-१ जीवनसत्त्वाचा सांठा संपला आहे. त्यांनीं तें तत्काळ शिरेवाटे दिलें. भाचा सुधारला, वजनहि उतरलें; पण जिना उतरतांना तो अजून भिंतीला हात लावून उतरतो. शस्त्रवैद्याच्या हाताची चूक नव्हती. नंतर पाहणारें कोणी नव्हतें, आणि तें कोणी आहे काय हें आम्हीं विचारलें नव्हतें.

आतां प्रश्नांकडे वळूं.

पहिला प्रश्न : मला ही शस्त्रक्रिया मुळांत हवी काय? येथें थोडें गणित करावें लागतें. किलोंतील वजनास मीटरमधील उंचीनें दोनदां भागावें. माझ्या भाच्याची उंची १.६० मीटर. १२८ ला १.६ नें भागलें कीं ८०, आणि ८० ला पुन्हा भागलें कीं ५०. या आंकड्याला डॉक्टर बी. एम. आय. म्हणतात. १९९१ मध्यें अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें भरविलेल्या परिषदेनें ४० ही मर्यादा सांगितली. मधुमेहासारखा रोग जोडीला असेल तर ३५. २०२२ मध्यें अमेरिकेंतील व जागतिक अशा दोन शस्त्रवैद्य-संघटनांनीं ती खालीं आणून ३५, आणि रोग असल्यास ३०, अशी केली. आपल्यासारख्या आशियाई लोकांच्या बाबतींत २७.५ पासून विचार करावा असें म्हटलें. परंतु आंकडा म्हणजे हुकूम नव्हे. वजन उतरविणारीं औषधेंहि आतां इंजेक्शनाच्या रूपानें मिळतात. "माझ्या बाबतींत दुसरा कोणता उपाय आहे?" असें विचारावें. जो वैद्य कांहीं रोग्यांस "तुम्हांला याची जरूर नाहीं" असें सांगून परत पाठवितो, त्याच्या होकाराला किंमत असते.

दुसरा प्रश्न : कोणती शस्त्रक्रिया, आणि तीच कां? दोन प्रकार विशेष प्रचारांत आहेत. एकांत जठराचा सुमारें तीन चतुर्थांश किंवा अधिक भाग कापून काढतात, व उरलेलें जठर केळ्याच्या आकाराची अरुंद नळी होऊन राहतें. काढलेला भाग पुन्हा बसवितां येत नाहीं. दुसऱ्यांत जठराच्या वरच्या टोंकाची एक लहानशी पिशवी करून ती पुढच्या आंतड्यास जोडतात, म्हणजे अन्न मधला मार्ग टाळून जातें. या दुसऱ्या प्रकाराचा आरंभ १९६६ मध्यें अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत मेसन व इटो या दोन शस्त्रवैद्यांनीं केला. ज्यास जळजळीचा व आंबट ढेकरांचा त्रास फार आहे, त्याचा तो त्रास पहिल्या प्रकारानें वाढूं शकतो. म्हणून जो वैद्य प्रत्येकास एकच प्रकार सुचवितो, त्यास कारण विचारलेंच पाहिजे.

तिसरा प्रश्न : आपण स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्या, गेल्या वर्षीं किती केल्या, आणि माझी आपणच करणार काय? हें विचारणें उद्धटपणाचें नव्हे. २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेलें एक संशोधन मला शिक्षक म्हणून फार मोलाचें वाटतें. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांतील २० शस्त्रवैद्यांनीं आपापल्या एकेका शस्त्रक्रियेचें चित्रण दिलें. कोणाचा हात आहे हें न सांगतां तें इतर शस्त्रवैद्यांस दाखवून गुण द्यावयास लाविलें. मग गुणांचा तक्ता रोग्यांच्या नोंदींशीं ताडून पाहिला. वरच्या चौथाईंतील शस्त्रवैद्यांच्या रोग्यांपैकीं ५.२ टक्क्यांस, तर तळच्या चौथाईंतील शस्त्रवैद्यांच्या रोग्यांपैकीं १४.५ टक्क्यांस शस्त्रक्रियेनंतर उपद्रव झाले. पदवी सर्वांचीच होती. हात मात्र सारखे नव्हते. आपणांस असें चित्रण पाहून गुण देतां येणार नाहींत. पण संख्या विचारतां येते. पदवी व नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे ताडून पाहतां येते. आणि ज्यांचें अशाच प्रकारें काम झालें त्यांपैकीं दोघांचौघांशीं, त्यांची संमति असल्यास, बोलतांहि येतें.

चौथा प्रश्न : काय बिघडूं शकतें, आणि बिघडलें तर रात्रीं दोन वाजतां कोण असेल? टांक्यांतून गळती होणें, रक्तस्राव होणें, पायाच्या शिरेंत रक्ताची गांठ होऊन ती फुप्फुसांत जाणें, हे मुख्य धोके होत. अमेरिकेंत ४,७७६ रोग्यांवर लक्ष ठेवून २००९ मध्यें जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यांत पहिल्या ३० दिवसांत दगावणाऱ्यांचें प्रमाण ०.३ टक्का, म्हणजे हजारीं तीन, आढळलें. हा धोका लहान आहे, पण शून्य नव्हे. म्हणून "आपल्या रुग्णालयांतील प्रमाण काय?" असें स्पष्ट विचारावें. अतिदक्षता विभाग त्याच इमारतींत आहे काय, भूल देणाऱ्या डॉक्टरांस स्थूल रोग्यांचा अनुभव आहे काय, हेंहि विचारावें. "आमच्याकडे कधीं कांहीं होतच नाहीं" असें ज्याचें उत्तर येईल, तो एकतर थोडें काम करतो किंवा थोडें सांगतो.

पांचवा प्रश्न शेवटीं घेतला. पण महत्त्वानें तो पहिला आहे. नंतर मला कोण पाहणार, आणि किती वर्षें? जठर लहान झालें म्हणजे अन्न कमी जातें, आणि कांहीं द्रव्यें अंगीं कमी लागतात. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, ब-१२ यांची उणीव पडूं शकते. शाकाहारी कुटुंबांत ब-१२ आधींच बेताचें असतें. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, आणि रक्ताची तपासणी पहिल्या वर्षीं अनेकदां व पुढें दरवर्षीं करावी लागते. स्त्रियांनीं शस्त्रक्रियेनंतर साधारणतः वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते. आहारतज्ज्ञ कोण, ओकारी थांबेनाशी झाली तर फोन कोण उचलणार, या साऱ्यांचा खर्च सांगितलेल्या रकमेंत धरला आहे काय, हें लेखी मागावें.

प्रश्नांचीं उत्तरें ऐकतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवा. हुशार विद्यार्थी प्रत्येक प्रश्नाचें उत्तर देतो असें नाहीं. तो ज्याचें उत्तर ठाऊक नाहीं तें "ठाऊक नाहीं" असें सांगतो. चांगल्या वैद्याचें लक्षणहि तेंच. प्रश्नानें जो रागावतो, जो घड्याळाकडे पाहतो, जो "आज पैसे भरलेत तर सवलत" असें म्हणतो, त्याला नमस्कार करून बाहेर यावें. सही त्याच दिवशीं करूं नये.

हे पांच प्रश्न कागदावर लिहून न्या, आणि बरोबर घरचें एखादें माणूस न्या. रोगी भ्यालेला असतो, त्याच्या ध्यानांत निम्मेंच राहतें. मात्र तें माणूस माझ्यासारखें गप्प बसणारें नसावें. भाच्यानें मला कधीं दोष दिला नाहीं. पण त्याचा हात भिंतीकडे जातांना पाहिला कीं, तीन आठवड्यांच्या त्या ओकाऱ्या आणि माझें तें एक वाक्य मला आठवतें. तें वाक्य आपल्यापैकीं कोणाच्या तोंडून निघूं नये, एवढ्याचसाठीं आज आपला वेळ घेतला.