स्वयंपाकघराची पुनर्रचना : आधी काय ठरवावे

पुढे पेढी व मागे घर अशी ज्यांची वास्तू आहे, त्यांना पेढीचे रूप दर दहा वर्षांनी पालटणे जड जात नाही. मागचे स्वयंपाकघर मात्र पिढी उलटली तरी तसेच राहते. पांढुर्णा व सौंसर येथील ज्या कुटुंबांनी ते नव्याने करण्याचे मनावर घेतले असेल, त्यांच्यासाठी हे चार शब्द आहेत. बहुधा पहिला निर्णय होतो तो नागपूरच्या दुकानात, फरशीच्या रंगाचा. आमच्या मते तो सर्वांत शेवटी व्हावा. फरशी पुढेही बदलता येते. भिंतीत पुरलेला नळ व जमिनीखालचा निचरा बदलायचा म्हणजे सारा ओटा फोडणे आले.

म्हणून प्रथम पाणी. दिगंबर आम्नायात गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे, आणि उकळलेल्याची २४ तास मानतात. दिवसातून इतक्या वेळा होणाऱ्या या कामाला नव्या नकाशात जागाच नसते, हे नवल होय. नळाखाली भांडे ठेवून दुहेरी गाळणे बांधता येईल एवढी उंची, ओले गाळणे वाळण्यास वाऱ्याची दांडी व खरकट्यापासून दूर घडवंची, एवढे आधी आखावे. घरी विहीर असल्यास जिवाणी परत सोडण्यासाठी तिकडचे दार बुजवू नये.

दुसरा विचार सूर्यास्ताचा. मार्गशीर्षात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पेढीवरची मंडळी, शाळेतून आलेली मुले व वृद्ध, सर्वांची पाने एकाच तासात मांडावी लागतात. तेव्हा शेगडीला चुली किती, वाढण्याची जागा ओट्यापासून किती पावलांवर, यांचे मोजमाप त्या तासावरून घ्यावे. उजेडासाठी दक्षिणेची खिडकी व तिच्यावर दोन फुटी छज्जा उत्तम. उन्हाळ्यात दुपारचा सूर्य माथ्यावर असल्याने ऊन छज्जावरच अडते. थंडीत तो दक्षिणेकडे कलल्यामुळे आत येते. पश्चिमेची मोठी खिडकी वैशाखात भट्टीच ठरते.

खोलीच्या मधोमध मोठा ओटा घालण्याची एक नवी टूम निघाली आहे. ज्या घरी मुनिमहाराजांचा आहार होतो, तेथे ती गैरसोयीची आहे. महाराज उभ्याने, करपात्रात आहार घेतात आणि दाते भोवती उभे असतात. तेवढी जमीन मोकळीच हवी.

ओट्याला काळा दगड नको. त्यावर डाग दिसत नाही, पण मुंगीही दिसत नाही. आपल्याला ती दिसणेच अगत्याचे. कपाटांच्या तळाशी बंद पोकळ्या ठेवल्या की ओलाव्याने झुरळे होतात व मग मारण्याचे औषध घरात येते. तळ वीतभर उचललेला व झाडू फिरेल असा ठेवला, तर तो प्रसंगच येत नाही. सिलिंडर शेगडीच्या पातळीखाली उभा ठेवावा. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो; म्हणून वायुवीजनाचे एक भोक खालीही हवे, वर पंखा लावून भागत नाही.

कामाचा मुहूर्त अवघड आहे. चातुर्मासात खोदकाम नको, पोळा व गोटमारीच्या दिवसांत पांढुर्ण्यात गवंडी मिळण्याची आशा धरू नये. आणि दिवाळीनंतर संत्र्याचा व कापसाचा हंगाम, म्हणजे यजमानांना फुरसत नाही. तेव्हा पावसाळ्यात सर्व निर्णय कागदावर पक्के करावेत व दिवाळी उलटताच काम घरातील स्त्रियांच्या देखरेखीखाली सोपवावे. वस्तुतः निर्णयही त्यांचाच हवा. हिशेब पाहणाऱ्याने रकमेची मर्यादा सांगून थांबावे. ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीने ठरू देऊ नये. जी बाई रोज पोळ्या लाटते, तिच्या कोपरापासून चार-पाच इंच खाली भिंतीवर खडूची रेघ ओढावी. सासूसुनांच्या उंचीत फार अंतर असेल, तर लाटण्यापुरता ओट्याचा एक भाग खाली घ्यावा. त्यास खर्च थोडाच अधिक येतो.